सीनियरचं बोलणं आवडतं, पण शिकायचं त्यांचं ऐकणं

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजीत एका खासगी ऑफिसात लागून वर्ष होत आलंय, तिथल्या मॅडम कस्टमरशी, स्टाफशी, वरच्या साहेबांशी ज्या पद्धतीने बोलतात ते बघून थक्क व्हायला होतं, चिडून आलेला माणूस त्यांच्या टेबलावरून शांत होऊन परत जातो. मलाही तसं यायला हवं, तर त्यांच्याकडून शिकायचं कसं, की सरळ एखादा कम्युनिकेशनचा कोर्स लावू, आणि माझं इंग्रजी जेमतेम आहे त्याचं काय.

आता माझं उत्तर. मी वकील आहे, पण गेली बरीच वर्षं कोर्टात उभं राहण्यापेक्षा मेडिएशनचंच, म्हणजे मध्यस्थीचंच, काम जास्त करतो. घरवाटणी, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराचं घर, नवरा-बायको, शेजाऱ्याच्या माडाचे नारळ आमच्या कौलांवर पडतात, असली सगळी प्रकरणं. २००२ पासून दिवाणी कोर्टाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली प्रकरण मेडिएशनला पाठवता येतं आणि तिथे आमचं काम काय, तर दोन्ही बाजूंचं ऐकणं आणि त्यांना एकमेकांचं ऐकायला लावणं, निकाल द्यायचा अधिकार आम्हाला नसतोच. हे काम मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना अख्खं बार, म्हणजे सगळी वकील मंडळी, भाई म्हणायची, मीही भाईच म्हणतो. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले, उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

पहिलं सांगणं जरा उलटं वाटेल. मॅडम कशा बोलतात ह्याच्याकडे सध्या लक्षच देऊ नका. आवाज, शब्द, विनोद, हातवारे, ते सगळं त्यांचं स्वतःचं आहे आणि तुमच्या अंगावर ते उसन्या शर्टासारखं दिसणार. भाईंच्या चेंबरमध्ये जो ज्युनियर यायचा तो महिन्याभरात भाईंसारखं बोलायला लागायचा, तोच खालचा आवाज, वाक्य संपलं की तेच लांबवलेलं 'बरंऽऽ', आणि समोर बसलेला पक्षकार मनात म्हणायचा की ह्या पोराला झालंय काय. भाईंचं खरं काम त्या 'बरं'च्या आधी झालेलं असायचं आणि ते कुणी बघतच नव्हतं.

ते काय करायचे सांगतो. माणूस आत आला की त्याची फाइल उलटी करून टेबलाच्या कडेला सरकवायचे. फाइल आधी वाचलेली असायची, आदल्या रात्रीच, पण समोर मात्र बंद. मग कोरं कागदाचं पॅड, त्यावर डाव्या बाजूला जाड समास सोडलेला. माणूस बोलत असताना उजवीकडे फक्त त्याचे शब्द, ते पण सगळे नाहीत, नावं, जागा, साल, आणि जो शब्द तो परत परत वापरतोय तो. समास शेवटपर्यंत कोरा. माणूस स्वतःहून थांबला की मगच समासात काय ते प्रश्न लिहायचे, कधी दोनच. मी विचारलं होतं की प्रश्न सुचला की लगेच का लिहीत नाही, तर म्हणाले प्रश्न लिहायला घेतला की माझं लक्ष माझ्या प्रश्नाकडे जातं आणि तोवर तो पुढची दोन वाक्यं बोलून गेलेला असतो. आता हे कुणालाही करता येण्यासारखं आहे की नाही? ह्याला भाईंचा आवाज लागत नाही, त्यांचे पांढरे केस लागत नाहीत.

तर मॅडमकडे बघताना असं बघा. समोरचा बोलत असताना त्यांचे हात कुठे असतात, कॉम्प्युटरची स्क्रीन चालू ठेवतात की बाजूला वळवतात, फोन वाजला तर काय करतात, पहिला प्रश्न किती वेळाने विचारतात, आणि तो प्रश्न माणसाच्या शेवटच्या वाक्यावर असतो की पहिल्या. ह्यातलं एकेक वेगळं काढून बघता येतं. 'मॅडम छान बोलतात' हे काही वेगळं काढून बघता येत नाही.

पहिला प्रश्न किती वेळाने, हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींचं रेकॉर्डिंग तपासलं होतं. काय होतंय विचारल्यावर पेशंटला सगळं सांगून होईपर्यंत बोलू दिलं गेलं ते १०० मधल्या २३ भेटींतच, आणि जिथे तोडलं तिथे सरासरी १८ सेकंदांत तोडलं. पुढे १९९९ मध्ये पुन्हा तसाच अभ्यास झाला तेव्हा तो आकडा २३ सेकंद निघाला, म्हणजे मधल्या पंधरा वर्षांत प्रगती म्हणायची तर पाच सेकंदांची. डॉक्टर वाईट होते असं नाही, त्यांना वाटत होतं की आपल्याला कळलं. आपल्याला पण तेच वाटतं, काउंटरच्या अलीकडे बसलेल्या प्रत्येकाला वाटतं. माणूस 'ते माझं बिल' म्हणाला की आपण लगेच 'बिल नंबर सांगा', आणि त्याला खरं सांगायचं असतं की बिल भरलंय पण पावती दुसऱ्याच्या नावावर आलीय.

आणि हे होतं का, तर बोलण्याची रचनाच तशी आहे. २००९ मध्ये जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांमधल्या गप्पा मोजून बघितल्या (त्यात मराठी नव्हती, पण आपण वेगळे असू असं मानायला काही कारण नाही), तर एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात मधे जागा असते सरासरी साधारण २०० मिलिसेकंद. आणि एक शब्द तोंडाबाहेर काढायची तयारी करायला मेंदूला साधारण ६०० लागतात. हिशेब करा. समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं, म्हणजे त्याच्या वाक्याचं शेपूट आपण ऐकतो ते अर्धवटच, आणि मराठीत क्रियापद बसतं शेपटाला! 'मला ते घर विकायचं' एवढ्यावर तुम्ही उडी मारली आणि पुढे 'नाहीये' आलं तर बोंबललं. ज्यांनी गावच्या जत्रेला नाटकात काम केलंय त्यांना हे बरोबर कळेल, समोरच्याचा डायलॉग आपण ऐकत नसतो, त्याचा शेवटचा शब्द कधी येतो तेवढ्याची वाट बघत असतो. घरी-दारी आपण बहुतेक असेच बोलतो, आणि गप्पा मारायला ते चालतंही. कामाच्या ठिकाणी चालत नाही.

त्यामुळे मॅडम शांत आहेत म्हणून त्यांना स्वभावाने जमतं असं समजू नका. त्या ते उत्तर मागे धरून ठेवतात, ते कष्टाचं काम आहे. दिवसभर सेशन करून भाई घरी जायचे तेव्हा गाडीत बसल्यावर एक शब्द बोलायचे नाहीत, डिचोलीपर्यंत नुसते खिडकीबाहेर बघत.

आता एक प्रकरण सांगतो. मेडिएशनमधलं बाहेर बोलायचं नसतं, २०२३ च्या मेडिएशन कायद्यात पण ते कलम आहे, त्यामुळे गाव, नाती, मापं सगळं बदललंय, सांगाडा तेवढा खरा. जुनं घर, मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. थोरला भाऊ तिथेच राहतो, बहीण लग्न होऊन बेळगावला. आई-वडील गेल्यावर वाटणी निघाली. वाट्याबद्दल वाद नव्हताच, गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा, हे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलंय, भावालाही ते कबूल होतं. अडलं होतं ते वाटेवर. बहिणीला मागची बाजू येत होती आणि तिला तिथपर्यंत गाडी जाईल एवढा रस्ता कागदावर हवा होता. भाऊ म्हणायचा, वाट आहे ना, आमचे आजे-पणजे त्याच वाटेने गेले, कुणाला कमी पडली नाही. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा), जुना पोर्तुगीज कागद, सर्व्हे प्लॅन, सगळं टेबलावर आपटून झालं होतं.

इथे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात, त्यामुळे वाटणीच्या टेबलावर भाऊ-बहीण एवढेच नसतात, वहिनी आणि जावई पण पार्टी असतात आणि त्यांच्या सहीशिवाय पान हलत नाही. आणि मजा अशी की बहुतेक वेळा ही सहीची माणसं तोंड उघडत नाहीत, कोपऱ्यात बसून राहतात. भाई खुर्च्या लावताना मुद्दाम अशा लावायचे की बोलणारे त्यांच्या बाजूला आणि न बोलणारे बरोबर समोर. बोलणाऱ्याचं कानाने ऐकता येतं म्हणायचे, गप्प माणसाचं डोळ्यांनी ऐकावं लागतं.

तर बहीण रस्त्याचं सांगत होती आणि वहिनी पदराशी खेळत पुटपुटली, "रस्तो दिल्लीवाल्यांक जाय." म्हणजे रस्ता दिल्लीवाल्यांना हवाय. अगदी हळू. मी ऐकलं, भाईंनी ऐकलं, बहिणीने ऐकलं की नाही माहीत नाही. मला वाटलं आता भाई पकडणार, काय म्हणालात म्हणून विचारणार. ते काही नाही. बहिणीचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, पॅडवर एक शब्द लिहिला आणि म्हणाले चहा घेऊया, मग एकेका बाजूशी वेगळं बोलतो.

वेगळ्या खोलीत भाऊ आणि वहिनी. भाईंनी आधी इकडचं तिकडचं, कुळागराला पाणी कुठून, सुपारी कशी आलीय, आणि मग, "वहिनी, मघाशी तुम्ही दिल्लीचं काय तरी म्हणालात, मला नीट लागलं नाही." मग बांध फुटला. गावात कुणीतरी सांगितलं होतं की जावयाला एका ब्रोकरबरोबर बघितलं, आता मागची जागा दिल्लीच्या पार्टीला जाणार, त्यांचा व्हिला उठणार, आमच्या तुळशीसमोरून त्यांच्या गाड्या फिरणार. हे सगळं गेले कित्येक महिने घरात उकळत होतं आणि बाहेर मात्र 'वाट पुरेशी आहे' एवढंच येत होतं. त्या बाजूच्या गावांत आजकाल काय चाललंय ते आपण बघतोच, तेव्हा ती भीती पण काही हवेतली नव्हती.

मग बहीण आणि जावई. भाईंनी 'विकणार आहात का' असं विचारलंच नाही. विचारलं, "रस्ता झाला समजा, मग तिथे काय करायचं मनात आहे?" तर उत्तर, रिटायर झाल्यावर छोटं घर बांधायचं, जावयांचे गुडघे गेलेत, त्या चढावरून चालवत नाही, गाडी दारापर्यंत यायला हवी. ब्रोकर? तो आपणहून आला होता, त्याला परत पाठवलं. भाईंनी दोघांकडूनही परवानगी घेतली, हे त्यांना सांगितलं तर चालेल ना, कुठलं सांगू आणि कुठलं नको, आणि मगच एकाचं दुसऱ्याकडे नेलं. एका बैठकीत मिटलं नाही, रुंदीवरून घासाघीस झालीच, पण शेवटी रस्ता मिळाला आणि विकायची वेळ आली तर आधी भावाला विचारायचं असं लिहून झालं. चौघांच्या सह्या.

त्या संध्याकाळी मी भाईंना विचारलं, वहिनी बोलल्या तेव्हाच का नाही धरलंत? म्हणाले, "तिथे विचारलं असतं तर तिने सगळ्यांसमोर नणंदेवर आरोप केला असता, आणि एकदा केलेला आरोप माणसाला शेवटपर्यंत धरून बसावं लागतं."

मी हे सांगतोय ते भाई किती थोर होते ह्यासाठी नाही (होतेच, पण ते सोडा), तर मी प्रश्न कसा विचारला ते बघावं म्हणून. मेंटॉरला 'तुम्ही इतकं छान कसं बोलता' असं विचारलंत तर उत्तर येणार 'अनुभव रे बाबा' किंवा 'माणसं जोडायची आवड हवी', आणि ते ऐकून तुमच्या हातात काही पडत नाही. ते टाळतात अशातला भाग नाही. जे वर्षानुवर्षं हातात बसलंय ते सांगता येत नाही, सायकल कशी चालवता म्हणून विचारलं तर कोण काय सांगणार. पण एक क्षण पकडून विचारलंत, 'मॅडम, मघाशी ते काका ओरडले तेव्हा तुम्ही त्यांना बसायला सांगितलं नाही, स्वतः उभ्या राहिलात, ते का?' तर त्यांना ते आठवतं आणि कारण पण सापडतं, कधीकधी त्यांनाही तेव्हाच पहिल्यांदा कळतं. त्याच दिवशी विचारा. आठवड्याने विचाराल तर दोघांनाही आठवणार नाही. आणि एका दिवसाला एकच प्रश्न, नाहीतर मॅडम तुम्हाला बघून रस्ता बदलतील.

आधी परवानगी मात्र घ्या. 'मला तुमच्याकडून शिकायचंय, कठीण कस्टमर असेल तेव्हा मी बाजूला बसलो तर चालेल का', एवढं सरळ. बहुतेक सीनियर ह्याला नाही म्हणत नाहीत, कारण असं कुणी विचारतच नाही. सगळे वाढदिवसाला ग्रीटिंग देऊन मोकळे. आणि बसलात की रेकॉर्डिंगबिर्डिंग अजिबात नाही, समोरच्या माणसाने त्याला होकार दिलेला नसतो.

पुढचं जरा महत्त्वाचं आहे. सीनियरचं काय उचलायचं नाही. भाई दोन-दोन मिनिटं गप्प बसायचे आणि समोरचा आपणहून पुढचं बोलायचा. ते त्यांना चालायचं, सत्तरीचा माणूस गप्प बसला की विचार करतोय असं वाटतं. तुमच्या वयाचा मुलगा गप्प बसला की ह्याला येत नाही असं वाटतं. सरळ आहे. म्हणून तुम्ही गप्प बसताना गप्प बसण्याचं कारण दिसू द्या, 'तुम्ही सांगत राहा, मी लिहून घेतोय', आणि खरंच लिहा. मुलींना तर आणखी वेगळं, त्यांना मधेच तोडणारे जास्त आणि त्या गप्प राहिल्या की तो होकार धरणारे पण जास्त, तिथे 'माझं वाक्य पूर्ण करते' हे म्हणायची सवय आधी लागते. भाईंचा ह्या बाबतीत काही उपयोग नव्हता, ते मी आमच्याच कोर्टातल्या एका सीनियर बाईंकडे बघून शिकलो. एकाच माणसाकडे सगळं मिळत नाही. खुद्द भाई फोनवर भयंकर होते, 'हां, बोल, बरं, ठेव', झालं, पक्षकार रडकुंडीला यायचे, आणि स्वतःच्या क्लार्कचं त्यांनी कधी धड ऐकून घेतलं असेल तर शपथ. पाया पडण्याइतका आदर असला तरी सगळं उचलू नये.

आणखी एक गोष्ट जी कोर्समध्ये शिकवतात आणि अर्धवट शिकल्यामुळे माणसाला वेडं करते, ती म्हणजे समोरच्याचं म्हणणं परत म्हणून दाखवणं. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अॅक्टिव्ह लिसनिंग हे नाव पुढे आणलं, तिथून ते सगळीकडे पसरलं. मूळ कल्पना एकदम बरोबर आहे. पण ट्रेनिंग घेऊन आलेला पोरगा काय करतो, तुम्ही म्हणालात 'मला राग आलाय', तो म्हणतो 'म्हणजे तुम्हाला राग आलाय'. अरे तेच तर बोललो! आपल्या माणसांना ही चेष्टा वाटते. भाई शब्द परत करायचे नाहीत, त्यांना जे समजलं ते सांगायचे आणि त्यात दुरुस्तीला जागा ठेवायचे. "म्हणजे रस्त्याला ना नाहीये, त्यावरून कोण येणार-जाणार तो प्रश्न आहे, असं धरू? चुकत असेन तर सांगा." हे 'चुकत असेन तर' नुसतं शोभेचं नसायचं, माणूस खरंच दुरुस्त करायचा, आणि त्या दुरुस्तीत खरी गोष्ट असायची. दुसरं म्हणजे 'अजून काही आहे का' असं विचारलं की लोक सवयीने 'नाही, नाही' म्हणतात आणि उठतात. भाई विचारायचे "आनी?" बस. एकच शब्द, भुवया वर, पेन हातात तसंच. त्यावर 'नाही' म्हणणं अवघड जातं. करून बघा उद्याच, पण पेन खाली ठेवू नका.

आता बोलण्याकडे येतो, कारण तुम्ही म्हणाल हा नुसतं ऐकण्याचंच सांगतोय. बोलण्यात भाईंची एकच सवय मी रोज वापरतो. समजावून झालं की ते 'कळलं ना' असं कधीच विचारायचे नाहीत, कळलं ना म्हटलं की कळलेला आणि न कळलेला दोघंही मान हलवतात. ते विचारायचे, "घरी गेल्यावर बायको विचारणार काय झालं, तर काय सांगशील?" डॉक्टर-नर्स लोकांच्या ट्रेनिंगमध्ये हे असतं, पेशंटकडून परत वदवून घेणं, पण भाईंना ते ट्रेनिंग कुणी दिलेलं नव्हतं.

एकदा एका म्हाताऱ्या पक्षकाराला इन्व्हेंटरी प्रोसीडिंग समजावलं. गोव्यात वारसांमध्ये वाटणी करायची तर ही प्रोसीडिंग करतात, मालमत्तेची यादी, मग वाटे, आणि एखादी वस्तू तोडून वाटता येत नसेल तर वारसांमध्ये बोली लागते, त्याला लिसिटेशन म्हणतात. भाईंनी सावकाश, उदाहरण देऊन सगळं सांगितलं. मी बाजूला बसून म्हटलं, ह्यापेक्षा सोपं कुणी सांगू शकणार नाही. मग तो घरी-काय-सांगशील प्रश्न आला. म्हातारा म्हणाला, "सांगतलों, घराचो लिलांव जातलो." म्हणजे घराचा लिलाव होणार. बँक घराला कुलूप लावून लिलाव करते ना, ते त्याच्या डोळ्यांसमोर. हे विचारलं नसतं तर रात्री त्या घरात काय गोंधळ झाला असता! भाई हसले नाहीत, चिडले नाहीत, म्हणाले मी नीट सांगितलं नाही, आणि परत पहिल्यापासून सांगितलं, ह्या वेळी लिलाव शब्द स्वतःच घेऊन, की बाहेरचा कुणी येणार नाही, तुम्ही भावंडंच बोली लावणार, जास्त बोलेल त्याला घर आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे. परत विचारलं. ह्या वेळी बरोबर आलं.

तुमच्या ऑफिसात हेच. कस्टमरला सांगितलंत की फॉर्म अपूर्ण आहे, तर 'आता इथून कुठे जाणार तुम्ही?' असं सहज विचारा. तो जे सांगेल त्यात कळतं की त्याला काय पोचलं. आणि वाईट बातमी असेल तर ती पहिल्या वाक्यात, मग कारण, मग पुढे काय, कोण करणार, कधीपर्यंत. आपल्याकडे उलटं करतात, आधी पाच मिनिटं नियम सांगतात आणि शेवटी 'त्यामुळे होणार नाही', तोपर्यंत त्या माणसाने निम्मं ऐकलेलं नसतं कारण तो आपलं होणार की नाही ह्याच विचारात.

कोर्सबद्दल. लावायचा तर असा लावा जिथे रोल-प्ले करून घेतात आणि कुणीतरी बाजूला बसून तुम्ही काय केलंत ते सांगतं. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये मेडिएशनसाठी जी कमिटी नेमली तिच्या पद्धतीने आम्हा मेडिएटर लोकांना ४० तासांचं ट्रेनिंग असतं आणि त्यातला माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग रोल-प्लेचा, खोटं भांडण, खोटी पार्टी, आणि घाम मात्र खरा. स्टेजवर उभं राहून भाषण, डोळ्यात डोळे घालून बघा, छाती पुढे, असले क्लास तुमच्या प्रश्नाला लागू नाहीत. डोळ्यात डोळे घालून तर आपल्या गावातल्या एखाद्या आज्याशी बोलून बघाच, तो विचारेल कुणाचा रे तू. भाई नेहमी तिरके बसायचे, घरासमोरच्या सोप्यावर दोघं बसतात तसे, दोघांच्याही नजरेला जायला तिसरीकडे जागा.

आणि क्लासपेक्षा आधी एक करा. महिनाभर एकच गोष्ट धरा, उदाहरणार्थ माणूस थांबेपर्यंत प्रश्न विचारायचा नाही, आणि मॅडमना सांगून ठेवा की मी हे करतोय, जमतंय का बघा. म्हणजे त्यांना पण तुमच्यात काय बघायचं ते कळतं. महिन्याने दुसरी. तीन-चार एकदम धराल तर समोरच्याकडे लक्ष राहणार नाही, स्वतःकडेच राहील, आणि मग सगळंच मुसळ केरात. घरी करून बघू नका सुरुवातीला, घरच्यांना लगेच संशय येतो की ह्याला काहीतरी हवंय.

मॅडमना वेळ नसेल, किंवा नाही म्हणाल्या, तरी अडत नाही. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, रजेच्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसा, साक्षीदाराची उलटतपासणी ऐका, चांगला वकील पुढचा प्रश्न साक्षीदाराच्या उत्तरातून काढतो आणि कच्चा वकील घरून लिहून आणलेल्या कागदातून, दहा मिनिटांत फरक दिसतो. गावची ग्रामसभा पण सोडू नका, तिथे कसं ऐकू नये ते फुकटात बघायला मिळतं.

राहिलं इंग्रजी. गोव्यात एकाच प्रकरणात कागद पोर्तुगीज, दावा इंग्रजीत, भांडण कोंकणीत आणि घरात वाचायला मराठी पेपर असं असतं, त्यामुळे ह्या बाबतीत आपण कुणाला हार जाणार नाही. भाईंचं इंग्रजी कोर्टापुरतं चोख होतं पण सेशनमध्ये ते माणूस ज्या भाषेत चिडला असेल त्याच भाषेत बोलायचे, साष्टीकडच्या माणसाशी त्याच्या कोंकणीत, पेडण्याच्या माणसाशी त्याच्या वळणाने. तुमच्या मॅडम पण बहुतेक तेच करत असतील, लक्ष ठेवा. ऑफिसात वरच्या साहेबांना मेल लिहावी लागते, तेवढ्यापुरतं इंग्रजी हवंच. त्यासाठी मॅडमच्या जुन्या मेल त्यांना विचारून वाचा, पहिल्या ओळीत त्या काय लिहितात आणि किती ओळींत संपवतात ते बघा, आणि पहिले काही महिने तुमची मेल पाठवायच्या आधी त्यांना दाखवा. मीटिंगमध्ये इंग्रजीत अडकलात तर 'हे मी मराठीत सांगतो' म्हणून सरळ मराठीत किंवा कोंकणीत सांगा, पणजीतल्या ऑफिसात बसलेल्या बहुतेकांना ते कळतंच, आणि ज्याला कळणार नाही तो विचारेल.